भाडं सोडून दुसऱ्यांची घरं आणि मांजरं-कुत्री सांभाळत कायम राहता येतं का?

स्वल्पविराम

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधन आणि भाषांतर करतो, सगळं काम लॅपटॉपवर. वय ४१, एकटा राहतो. भाडेकरार दोन महिन्यांनी संपतोय. तो वाढवायचा की नाही, हे महिनाभर डोक्यात घोळतंय.

झालं असं, की गेल्या वर्षी एका मैत्रिणीला तीन आठवडे बाहेर जावं लागलं आणि तिच्या दोन मांजरींसाठी मी तिच्या घरी जाऊन राहिलो. मायलेकी आहेत. एक बॅग, लॅपटॉप आणि दोन पुस्तकं एवढंच नेलं होतं. पहिले चार दिवस लेक कपाटामागून बाहेरच आली नाही. पाचव्या रात्री मी काम करत बसलो होतो, तेव्हा ती आली, माझ्या पायाचा वास घेतला आणि टेबलाखाली माझ्या पावलाला पाठ टेकून झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी तासभर मी पाय हलवला नाही. तीन आठवड्यांनी माझ्या घरी परत आलो आणि लक्षात आलं, की दोन कपाटं भरून ठेवलेल्या सामानातल्या एकाही वस्तूवाचून माझं अडलं नव्हतं.

तेव्हापासून वाचतोय. जगभर लोक असे राहतात. मालक प्रवासाला जातात, हे लोक त्यांच्या घरात राहून त्यांची जनावरं सांभाळतात, मग पुढचं घर. पैशांची देवाणघेवाण नाही. मला हे मनापासून करावंसं वाटतंय, पण ज्यांनी खरंच केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. दोन घरांच्या मधल्या दिवसांत कुठे राहता? मांजरींचा थोडा अनुभव आहे, कुत्र्यांचा अजिबात नाही, तो कसा मिळवायचा? आजारी जनावराची जबाबदारी आली तर? आणि कायमचा पत्ता नसला की बँक, कर, विमा या सगळ्याचं काय करता?

पाठीवरचं_बिऱ्हाड

सहा वर्षं हेच करते आहे. वय ५८. सामान दोन सॅक. तेव्हा राहता येतं का, तर येतं. तुमच्या प्रश्नांतला आजारपणाचा मुद्दा मात्र मी आधी घेते, कारण या जगण्यात बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तुमची लेक चार दिवस कपाटामागे होती म्हणालात. ती त्या दिवसांत खात होती का? रात्री तुम्ही झोपल्यावर येऊन खात असेल तर ठीक. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक जाडजूड बोका होता. मालक गेल्यावर तो पलंगाखाली गेला. लाजतोय, रुळेल, असं म्हणून मी वाटी भरून ठेवत राहिले. वाटीतलं किती कमी होतंय हे मोजलंच नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की वाटी जशीच्या तशी आहे. व्हेटकडे नेलं तेव्हा यकृतावर परिणाम सुरू झाला होता. मांजर दोन-तीन दिवस काही खाल्ल्याशिवाय राहिलं, त्यातून ते जाड असेल, तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि त्यात जीव जाऊ शकतो. तो वाचला, नळीने भरवावं लागलं. मालकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण ती चूक माझीच होती. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असतो. वाटी ठेवताना वजन, उचलताना वजन, आणि दोन्ही आकडे वहीत. २४ तासांत मांजराने काहीच खाल्लं नाही तर मी मालकांना फोन करते, वाट बघत नाही.

वजनकाट्याचा दुसरा उपयोग असा, की मालक सांगून जातात "एक कप द्या" आणि घरात चार मापांचे कप असतात. निघायच्या आधी त्यांच्याकडूनच एक कप भरून घ्या आणि त्याचं वजन करून ठेवा.

आता मी हे का करते, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी एका घरी १३ वर्षांचा कुत्रा होता, छोट्या चणीचा. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती, त्यामुळे रक्त मागे झिरपायचं. दिवसातून दोनदा गोळ्या. एक रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी. दुसरी पाणी बाहेर काढणारी, म्हणून रात्री दोनदा त्याला अंगणात न्यावं लागे. मालकीणबाईंनी निघताना एकच गोष्ट नीट शिकवली: तो गाढ झोपला की त्याचे श्वास मोज. छाती वर गेली आणि खाली आली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट कर. ३० च्या आत असेल तर झोप निर्धास्त.

मी दिवा मालवून त्याच्या अंथरुणाशी जमिनीवर बसायचे. अंधारात बरगड्या दिसत नसत, म्हणून पांघरुणाची एक घडी बघायचे, ती उचलायची आणि बसायची. २२, २४, २२, २४. आठ रात्री असेच आकडे. नवव्या रात्री ३८. पंधरा मिनिटांनी परत मोजले, ४०. तो शांत झोपलेला होता, खोकला नाही, धाप नाही, वरवर बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. हिरड्या बघितल्या, नेहमीपेक्षा फिक्या. मालकीणबाई तेव्हा विमानात. पण त्यांनी निघण्याआधी व्हेटकडे लेखी ठेवलं होतं, की माझ्या सांगण्यावरून उपचार करावेत, खर्च त्यांच्या कार्डावर घ्यावा, आणि कुठल्या रकमेपर्यंत त्यांना न विचारता पुढे जायचं. मी रात्री दीडला त्याला उचलून नेला. फुप्फुसात पाणी साचायला लागलं होतं. ऑक्सिजन दिला, इंजेक्शन दिलं. सकाळी ११ ला मालकीणबाईंचं विमान उतरलं, तोवर तो शेपटी हलवत होता.

ते पत्र नसतं तर ती रात्र कशी गेली असती, हे मला सांगवत नाही. म्हणून ते पत्र नसेल तर मी घर घेत नाही, मग घर कितीही सुंदर असो.

साधेपणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फार पटलं. मला त्यातलं एक कळलंय: सामान कमी असलं की नवीन घरात पोहोचल्यावर मांडामांड दहा मिनिटांत संपते आणि पहिली संध्याकाळ अख्खी जनावरापाशी बसता येतं. मी त्या घराची मालकीण नसते, माझं काही हरवायचं नसतं, काही मांडायचं नसतं. मालक गेल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस जनावराला सगळ्यात जड जातात. दाराशी बसतात, आवाज झाला की कान टवकारतात. त्या वेळी जवळ कुणीतरी निवांत बसलेलं लागतं. कुत्रे पळून जायचा धोकाही तेव्हाच जास्त. पट्ट्याची कडी, गळपट्टा किती सैल आहे, कुंपणाची फट कुठे आहे, हे मी मालक असतानाच बघून घेते, आणि पहिला आठवडा मोकळ्या मैदानातसुद्धा पट्टा सोडत नाही, "आमचा कधीच पळत नाही" असं सांगितलेलं असलं तरी. कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर तिचा १५ आकडी नंबर मागून घेते आणि त्यावर नोंदलेला फोन आजचा आहे ना, हे विचारते. निम्म्या वेळा मालकांनाच आठवत नसतं.

घरं शोधायची म्हणाल, तर ट्रस्टेड हाऊससिटर्स ही वेबसाइट २०१० पासून चालू आहे, माइंड माय हाऊस त्याहूनही जुनं. नोमाडोरही आहे. वर्षाची वर्गणी भरायची, मालक आणि आपण एकमेकांना पैसे द्यायचे नाहीत, दोघांनी एकमेकांबद्दल लिहायचं. सुरुवातीला अभिप्राय नसतात म्हणून कुणी विचारत नाही. तुमच्या मैत्रिणीकडून लेखी शिफारस घ्या, ओळखीपाळखीत आणखी दोन-तीन छोटे मुक्काम करा, लोकांना नको असलेल्या तारखांना हो म्हणा. कुत्र्यांचा अनुभव हवा असेल तर आधी एखाद्या प्राणी-निवाऱ्यात दर आठवड्याला जा. तिथे तुम्हाला ओढणारा कुत्रा, घाबरलेला कुत्रा, खाण्यावर गुरगुरणारा कुत्रा, सगळे भेटतील आणि शेजारी शिकवणारं माणूस असेल. दुसऱ्याच्या घरी एकटं असताना हे शिकायचं नसतं.

मधले दिवस: गेल्या वर्षी ३६५ पैकी ३११ रात्री मी कुणाच्या ना कुणाच्या घरी होते. उरलेल्या ५४ पैकी निम्म्या बहिणीकडे, निम्म्या भाड्याच्या खोलीत. मालकांचा प्रवास ऐनवेळी रद्द होतो, त्यांचाही नाइलाज असतो. म्हणून तीन महिने भाड्याने राहता येईल एवढी रक्कम वेगळी ठेवलेली आहे आणि तिला मी हात लावत नाही. ती नसताना हे सुरू करू नका. डोक्यावर छप्पर हवं म्हणून आपल्याला न झेपणारं जनावर घेतलं जातं, आणि भोगतं ते जनावर.

कागदपत्रांचं: पत्ता बहिणीचा, फोन नंबर एकच आणि कायम चालू, कारण बँकेचा प्रत्येक ओटीपी त्यावर. आरोग्य विमा घेताना वर्षातून किती दिवस कुठे राहणं बंधनकारक आहे ते वाचा. परदेशी घर घेणार असाल तर आधी त्या देशाचा व्हिसा नियम बघा. राहण्याच्या बदल्यात घर आणि जनावर सांभाळणं हे काही देशांत कामच धरतात, पैसे घेतले नाहीत तरी, आणि लोकांना सीमेवरून परत पाठवलेलं आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे ज्यांच्यात एकच व्हिसा चालतो त्यांत, पर्यटक म्हणून कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस मिळतात, सगळे देश मिळून. आणि लॅपटॉपवर तुमचं नेहमीचं काम करणं चालतं का, हा वेगळा प्रश्न, तोही विचारा.

खिडकीतली_मांजर

मी दुसऱ्या बाजूची. सात वर्षांत आमच्या घरी १९ वेळा लोक राहून गेलेत, म्हणून मालकांना काय वाटतं ते लिहिते.

व्हिडिओ कॉलवर मी एकच बघते, समोरचं माणूस आधी कशाबद्दल विचारतं. वायफाय लागणारच, त्यात गैर काही नाही. पण आमच्या बोक्याला मधुमेह आहे असं जाहिरातीत लिहिलेलं असूनही कॉल संपेपर्यंत त्याचं नाव निघालं नाही, असं झालंय. त्यांना मी नम्रपणे नाही म्हणते.

इन्सुलिनवरून आठवलं, स्वल्पविराम, हे जपून ठेवा. जनावरांची बरीच इन्सुलिनं एका मिलीलिटरला ४० युनिटची असतात, माणसांचं बहुतेक १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. आमच्याकडे एकदा सिरिंज संपल्या. राहायला आलेल्या मुलाने दुकानातून आणल्या, त्या निघाल्या १०० वाल्या. टोपणाचा रंग वेगळा दिसला म्हणून त्याने टोचण्याआधी मला फोन केला. तशीच वापरली असती तर रेघ तीच दिसली असती आणि औषध निम्म्याहूनही कमी गेलं असतं. उलटं झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये, तर अडीचपट जातं, आणि साखर एवढी उतरते की मांजर झटके येऊन मरू शकतं. तो मुलगा २४ वर्षांचा होता, अनुभव फारसा नव्हता. पण शंका आली तेव्हा त्याने विचारलं. त्यानंतर आम्ही त्याला चार वेळा बोलावलंय.

आणि बोक्याने खाल्लं नाही तर इन्सुलिन नेहमीएवढं द्यायचं नाही, आधी व्हेटला विचारायचं. हे मी फ्रिजच्या दारावर लिहून ठेवते. घरात लिलीची फुलं आणायची नाहीत, हेही. खूप जणांना माहीत नसतं. मांजराच्या अंगावर नुसते परागकण पडले आणि त्याने चाटून अंग साफ केलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते, त्यामुळे कृपा करून आपली औषधं उशाशी उघडी ठेवू नका.

पाठीवरचं बिऱ्हाड, ताई, तुमची वजनकाट्याची पद्धत आजपासून आमच्या चिठ्ठीत घालते.

उंबरठा

मी दोन वर्षं केलं आणि थांबलो. वाईट अनुभव म्हणून नाही. मला निरोप जमेना. दोन वर्षांत २६ घरं, म्हणजे चाळीसेक जनावरं. एक ससा होता, त्याच्याबद्दल मला आधी काहीच माहीत नव्हतं. ससा अर्धा दिवस जरी खायचा थांबला आणि लेंड्या पडायच्या थांबल्या तरी ती धावपळ करण्याची वेळ असते, हे त्याच्यामुळे शिकलो. महिनाभर रोज सकाळी लेंड्या मोजल्या. शेवटच्या आठवड्यात तो माझ्या पायाभोवती गोल गोल पळायचा. त्याला सोडून बसमध्ये बसलो तेव्हा मला कळलं, की मला एकच जनावर हवंय आणि ते शेवटपर्यंत हवंय.

दुसरं म्हणजे, कामाच्या मुदती आणि मुक्काम यांचं गणित आधी मांडा. तुमचं काम शांत खोलीत बसायचं आहे. दर तासाला बाहेर जायला मागणारं आठ आठवड्यांचं पिल्लू आणि उद्या छपाईला जाणारं पुस्तक, ही दोन्ही एका दिवसात बसत नाहीत. मी दोनदा बसवायला गेलो आणि दोन्ही वेळा पिल्लू दिवसभर रडलं. म्हातारी मांजरं घ्या, म्हातारे कुत्रे घ्या. त्यांना घरात कुणीतरी बसलेलं हवं असतं, आणि तुम्ही तर बसलेलेच असणार.

स्वल्पविराम

तिघांचेही मनापासून आभार. ताई, तो कुत्र्याचा प्रसंग मी दोनदा वाचला. लेक पहिले चार दिवस खात होती का, हे मला खरंच सांगता येणार नाही. वाटी एकच होती, माय तर समोर बसूनच खायची, आणि संध्याकाळी वाटी रिकामी दिसली की मी समाधान मानायचो. आता ते आठवून बरं वाटत नाहीये.

एक विचारायचं राहिलं. उंबरठा यांनी निरोपाबद्दल लिहिलं आहे. तुम्ही सहा वर्षं ते कसं करता?

पाठीवरचं_बिऱ्हाड

लेक ठणठणीत आहे ना, मग मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी दोन वाट्या, दोन खोल्यांत.

निरोपाचं. उंबरठा म्हणतात ते खरं आहे, आणि ज्यांना एकच जनावर शेवटपर्यंत हवं असतं त्यांनी तेच करावं. मी शेवटच्या दिवशी काहीही वेगळं करत नाही. फिरायला तीच वेळ, तोच रस्ता, वाटी त्याच जागी. जास्तीचा खाऊ नाही, कवटाळून बसणं नाही, कारण त्यांना आपल्या आवाजातून आणि वावरण्यातून लगेच कळतं आणि ती बेचैन होतात. सॅक आदल्या रात्री ती झोपल्यावर भरते. सॅक दिसली की कुत्रे दाराशी जाऊन बसतात. जमलं तर मालक आल्यावर तासभर थांबते, म्हणजे त्यांच्या आनंदाच्या गडबडीत मी निघून जाते आणि दार परत एकदा कुणासाठी तरी बंद झालं, असं त्यांना वाटत नाही. मला रडू येतं. ते स्टेशनवर येतं, तिथे येऊ देते.

वही मात्र तिथेच ठेवते. प्रत्येक घरासाठी नवी वही घेते: खाणं, पाणी, शी-शू, औषध, झोप, आणि रोज एक ओळ आज काय केलं याची. त्या १३ वर्षांच्या कुत्र्याच्या मालकीणबाईंनी माझ्यानंतर त्याच वहीत पुढे श्वास लिहायला सुरुवात केली. तो आणखी १४ महिने जगला. गेला तेव्हा त्यांनी मला वहीच्या पानांचे फोटो पाठवले. पहिली २१ पानं माझ्या अक्षरात आणि बाकी सगळी त्यांच्या. मी दोन वेळा परत जाऊन आले होते, तेवढी पानं मध्येच पुन्हा माझ्या अक्षरात.

तुमच्या भाडेकराराबद्दल: मी असते तर सहा महिने वाढवला असता आणि त्या सहा महिन्यांत चार-पाच मुक्काम केले असते, त्यातला एक तरी कुत्र्याचा आणि एक तरी महिनाभराचा. आठवड्याचा मुक्काम सगळ्यांनाच आवडतो. चौथ्या आठवड्यात दुसऱ्याच्या उशीवर झोपताना कसं वाटतं, ते बघा.

स्वल्पविराम

तसंच करतो. घरमालकांशी बोललो, सहा महिन्यांसाठी तयार आहेत. एक कपाट रिकामं करायला घेतलंय. शनिवारपासून निवाऱ्यात जातोय, पहिले दोन शनिवार फक्त सफाई आणि बघणं, पट्टा हातात देणार नाहीत म्हणाले, ते मला योग्यच वाटलं.

मैत्रीण पुढच्या महिन्यात दहा दिवस जातेय, तेव्हा मायलेकींकडे जाईन. व्हेटसाठीचं पत्र आजच तिच्याकडून लिहून घेतलं. मायक्रोचिपचंही विचारलं. लेकीचा नंबर बरोबर होता. मायच्या चिपवर मैत्रिणीचा आठ वर्षांपूर्वीचा, केव्हाच बंद झालेला फोन निघाला. दुपारी दोघांनी बसून तो बदलला.